देवाच्या भेटीतला तिसरा माणूस

बारामती-इंदापूर परिसरातल्या कुठल्याही ख्रिस्ती मंडळीत साक्ष देण्याची वेळ आली की बहुतेक साक्षी एकाच वाटेने जातात. आधी आजार, कर्ज, दारू किंवा घरातली धुसफूस. मग उपास-प्रार्थना. मग एखाद्या संजीवन सभेत, किंवा मध्यरात्री एकट्यानेच गुडघे टेकलेले असताना, देवाचा स्पर्श, न थांबणारे अश्रू, अंगभर उतरलेली शांती. आणि शेवटी बरे झालेले शरीर, सुटलेले व्यसन, लागलेली नोकरी, बोअरला लागलेले पाणी. ऐकणारे ‘हालेलुया’ म्हणतात आणि पुढचा उठतो.

या साक्षी खोट्या आहेत असे मला म्हणायचे नाही. दारू सुटलेल्या घरातली बाई देवाचे उपकार मानते तेव्हा तिच्या शब्दावर शंका घेण्याचा अधिकार कोणालाही नाही. माझी हरकत वेगळी आहे. या साक्षींत पात्रे दोनच असतात, मी आणि माझा प्रभू. देवाची समक्षता म्हणजे या दोघांमधली खाजगी गोष्ट, तिचे फळ म्हणजे माझे समाधान आणि तिचा पुरावा म्हणजे माझ्या मनात उसळलेली लाट, ही समजूत आपल्या मंडळ्यांत इतकी रुळली आहे की तिची कोणी तपासणी करत नाही. मला ती उथळ वाटते, आणि तिच्यामुळे मंडळीचे नुकसान होते असेही वाटते.

माझे म्हणणे असे आहे. पवित्र शास्त्रातला देव माणसाला भेटतो तेव्हा एकटा येत नाही. तो आपल्याबरोबर तिसऱ्या एका माणसाला घेऊन येतो. हा तिसरा माणूस बहुधा असा असतो की ज्याला आपण टाळत आलो, ज्याला फसवले, ज्याचा विटाळ मानला, किंवा जो रोज समोर असून दिसला नाही. विश्वासणाऱ्याचे परिवर्तन घडते ते या तिसऱ्या माणसाच्या संबंधात. तो दिसलाच नाही तर आपल्याला काहीतरी अनुभव आला असेल, त्याने बरेही वाटले असेल. पण मोशेला, शौलाला आणि पेत्राला जो भेटला, त्याच्या भेटीची खूण त्या अनुभवावर उमटलेली नाही.

१. दोन पात्रांच्या साक्षीचे बळ कुठून येते?

ज्या समजुतीला खोडायचे तिचे बळ आधी मान्य केले पाहिजे. या भागातली बहुतेक ख्रिस्ती कुटुंबे पूर्वी अस्पृश्य मानलेल्या जातींतून आलेली. ज्याच्या आजोबाला गावच्या पाणवठ्यावर जागा नव्हती, ज्याला जातीच्या नावानेच हाक मारली जाई, त्याला विश्वाचा निर्माता नावाने ओळखतो, ही गोष्ट ऐकायला साधी असली तरी ती माणसाच्या पाठीचा कणा सरळ करते. त्या साक्षीतला ‘मी’ हा अहंकाराचा ‘मी’ नसतो, पिढ्यान्‌पिढ्या नाकारला गेलेला ‘मी’ असतो. म्हणून तो उच्चारू द्यावा, पुन्हा पुन्हा उच्चारू द्यावा.

पण हा ‘मी’ उभा राहिल्यावर त्याने कुठे जायचे, हा प्रश्न राहतो. त्याचे उत्तर गेल्या काही वर्षांत बाजाराने देऊन टाकले आहे. मोठे मंडप, मोठे ध्वनिक्षेपक, मोबाइलवर अष्टौप्रहर चालणारी प्रवचने, आणि या सगळ्यांतून एकच संदेश: देव तुझ्यासाठी आहे, तुझ्या आजारासाठी, तुझ्या धंद्यासाठी, तुझ्या मुलाच्या लग्नासाठी. उभा राहिलेला माणूस जागच्या जागीच स्वतःभोवती फिरू लागतो. इथे समजूत उथळ होते, कारण तिला पुढची पायरीच नाही.

२. शास्त्रातल्या भेटी काय सांगतात?

मोशेपासून सुरुवात करू. निर्गमाच्या तिसऱ्या अध्यायात झुडूप पेटलेले आहे आणि जळून जात नाही. मोशे जोडे काढतो, तोंड झाकून घेतो. इथपर्यंत आपली संजीवन सभा आणि होरेब डोंगर जुळतात. पण त्यानंतर देव जे बोलतो त्यात मोशेच्या मनाची, थकव्याची, चाळीस वर्षांच्या परागंदा आयुष्याची विचारपूसही नाही. देव बोलतो ते मिसरातल्या वेठबिगारांबद्दल. त्यांची हलाखी मी पाहिली, मुकादमांच्या जाचामुळे ते ओरडतात ते ऐकले, त्यांचे दुःख मला कळले, असा त्या बोलण्याचा आशय आहे, आणि त्यापाठोपाठ येते आज्ञा: तू जा. ज्या लोकांना सोडून मोशे पळाला होता नेमके तेच लोक त्या ज्वाळेतून त्याच्यासमोर उभे केले जातात. मोशेने सबबी सांगितल्या, एकापुढे एक सांगितल्या. त्याला भेट हवी होती, माणसे नको होती. देवाने दोन्ही वेगळी करून दिली नाहीत.

याकोबाची गोष्ट तर आपल्या तालुक्यांसाठीच लिहिल्यासारखी आहे. भावाचा हक्क लुबाडून पळालेला याकोब वीस वर्षांनी परत येतो आहे. उद्या एसाव समोर येणार, म्हणून त्याची झोप उडालेली. यब्बोक नदीच्या काठी त्या रात्री कोणीतरी त्याच्याशी पहाटेपर्यंत झुंजतो. याकोब त्या जागेला पनीएल नाव देतो, कारण तिथे त्याने देवाला समोरासमोर पाहिले. आपण ही गोष्ट तिथे थांबवतो. प्रवचनेही बहुधा तिथेच थांबतात. उत्पत्तीचा लेखक थांबत नाही. दुसऱ्या दिवशी याकोब लंगडत भावाला सामोरा जातो, सात वेळा भुईपर्यंत वाकतो, आणि एसावाला म्हणतो की तुझे तोंड पाहणे म्हणजे देवाचे मुख पाहण्यासारखे आहे. रात्री देवाचे मुख, सकाळी भावाचे. लेखकाने या दोन गोष्टी मुद्दाम शेजारी ठेवल्या आहेत. ज्याच्या वाटणीवर आपण डल्ला मारला त्याच्या तोंडाकडे पाहण्याची ताकद पनीएलने याकोबाला दिली. रात्रीच्या झुंजीचे फळ त्या सकाळी दिसले.

दिमिष्काच्या वाटेवर शौलाला प्रकाशाने खाली पाडले. त्याने विचारले, तू कोण आहेस? जे उत्तर आले त्यात येशूने स्वतःची ओळख छळल्या गेलेल्या माणसांतून करून दिली: ज्याचा तू छळ करतोस तो मी. शौल आकाशातल्या देवाची बाजू घेऊन निघाला होता, आणि ज्यांना तो बांधून नेणार होता त्यांच्यातच देव निघाला. एवढ्यावर भागले नाही. आंधळा झालेला शौल तीन दिवस न खातापिता बसून राहिला, आणि त्याचे डोळे उघडले ते थेट स्वर्गातून नव्हे, हनन्या नावाच्या एका घाबरलेल्या शिष्याच्या हाताने. ज्या मंडळीला तो संपवायला निघाला होता तिच्यातल्याच एकाला त्याला ‘भाऊ’ म्हणावे लागले.

चौथी भेट पेत्राची, आणि मला ती सगळ्यांत महत्त्वाची वाटते. यापो गावी दुपारी तो धाब्यावर प्रार्थनेला गेला. तिथे त्याला दृष्टान्त झाला: आकाशातून उतरणारी चादर, तिच्यात सोवळ्या ज्यूने शिवू नयेत असे प्राणी, आणि मारून खा असा आवाज. तीनदा. पेत्र बुचकळ्यात पडला आहे तोच खाली दाराशी तीन माणसे येऊन त्याची चौकशी करत उभी राहतात. ती कर्नेल्य नावाच्या परराष्ट्रीय शताधिपतीने पाठवलेली. दृष्टान्ताचा अर्थ धाब्यावर बसून कळला नाही; खाली उतरल्यावर, त्या माणसांना घरात घेतल्यावर, दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर निघाल्यावर आणि कैसरीयात कर्नेल्याच्या उंबऱ्याच्या आत पाय ठेवल्यावर कळला. पेत्र धाब्यावरच राहिला असता तर त्याच्याजवळ एक सुंदर साक्ष उरली असती आणि मंडळी ज्यूंच्या वाड्यात कोंडून राहिली असती.

एलीया, यशया, मग्दालीया मरीया, जक्कय यांच्याही भेटी अशाच. प्रत्येकीत कोणीतरी तिसरा आहे. पुराव्यांची रास घालण्यात अर्थ नाही; वर सविस्तर पाहिलेल्या चारही ठिकाणी देवाने अनुभवाचे दार माणसाच्या दिशेने उघडले हे पुरेसे आहे.

३. केडगाव, १९०५: ज्वाळेच्या आधी आणि नंतर

केडगाव शेजारच्या दौंड तालुक्यातले, पुणे-दौंड रेल्वेमार्गावरचे गाव. आपल्या जिल्ह्यात देवाच्या समक्षतेचा सर्वांत गाजलेला प्रसंग तिथल्या मुक्ती मिशनमध्ये घडला. आपण तो सांगतो तेव्हा १९०५ च्या जूनमधली ती रात्र सांगतो: वसतिगृहातल्या मुली रडत, पापकबुली देत उठल्या, एकीला वाटले दुसरीच्या अंगावर आग आहे आणि ती पाणी आणायला धावली. मग काही दिवस अभ्यास, स्वयंपाक सगळे बाजूला पडले. ही कथा खरी आहे. पण आपण तिचा मधलाच तुकडा तोडून घेतला आहे.

आधीचा भाग असा. मुक्ती उभारणाऱ्या पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज येथे झाला. त्यांच्या मनावर त्या काळात ज्याने खोल ठसा उमटवला तो प्रसंग प्रार्थनामंदिरातला नव्हता. लंडनच्या फुलहॅम भागात वाँटेजच्या व्रतस्थ भगिनी, समाजाने ‘पतित’ म्हणून टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी घर चालवत होत्या. रमाबाईंनी ते पाहिले. अशा स्त्रियांना जवळ करण्याचे कारण विचारल्यावर त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवण्यात आली. ख्रिस्त त्यांना प्रथम दिसला तो या स्त्रियांच्या शेजारी उभा असलेला. आणि तरीही रमाबाईंनी पुढे आपल्या आत्मनिवेदनात प्रामाणिकपणे लिहिले की मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडायला आणखी सुमारे आठ वर्षे लागली. या आठ वर्षांत त्यांनी अमेरिकेत व्याख्याने दिली, पुस्तक लिहिले, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले. ज्यांना वाटते की आधी अनुभव आणि मगच सेवा, त्यांनी हा क्रम नीट पाहावा. बालविधवांच्या सहवासात वर्षे काढताना त्यांना तो भेटला.

मग १८९६-९७ चा दुष्काळ. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली-विधवांना घेऊन आल्या. दुष्काळ म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून शिकायचे नव्हते. १८७० च्या दशकात त्याच भुकेने त्यांचे आई-वडील नेले होते. केडगावच्या माळरानावर मुक्ती उभी राहिली ती या मुलींसाठी.

आता १९०५. वर्षाच्या सुरुवातीला रमाबाईंनी रोजच्या विशेष प्रार्थनेला बोलावले. त्यानंतर त्यांनी मुलींना विचारले की आजूबाजूच्या खेड्यांत शुभवर्तमान सांगायला जायला कोण तयार आहे. सुमारे तीस जणी पुढे आल्या. त्या या कामासाठी सामर्थ्य मागत रोज जमत होत्या, आणि त्याच दिवसांत २९ जूनच्या सुमारास ती रात्र आली. म्हणजे आग उतरली त्या वेळी खेड्यातली बाई त्या प्रार्थनेत आधीच हजर होती. तिच्यासाठीच तर मागणे चालले होते.

आणि नंतरचा भाग? लाट ओसरली. लाटा ओसरतातच. मागे राहिले ते काम. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर केले. पंडिती वळण जाणीवपूर्वक टाकून, खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत. संस्कृतवर प्रभुत्व असलेल्या, कलकत्त्याच्या पंडितांनी ‘सरस्वती’ म्हणून गौरवलेल्या स्त्रीला हा त्याग किती मोठा असेल याची कल्पना करावी. मुक्तीच्या छापखान्यात त्याचे खिळे जुळवणाऱ्या हातांत दुष्काळातून वाचलेल्यांचे हात होते. ऐकू येणे कमी झालेले, १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेलेली, तरीही रमाबाईंनी काम सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. केडगावच्या संजीवनाचे फळ मोजायचे तर मी ते त्या रात्रीच्या आक्रोशात मोजणार नाही. रमाबाईंच्या पांडित्याने एका निरक्षर बाईपुढे मान झुकवली आणि ती पुढे वर्षानुवर्षे झुकलेलीच ठेवली, तिथे मोजेन.

४. बदलते ते काय?

यावरून परिवर्तनाच्या तीन जागा मला दिसतात.

पहिली जागा नजर. यशयाने मंदिरात देवाला पाहिले तेव्हा आधी त्याला स्वतःचे ओठ अशुद्ध दिसले आणि त्याच श्वासात आपण अशुद्ध ओठांच्या लोकांत राहतो हे दिसले. स्वतःकडे आणि लोकांकडे पाहण्याची ही एकच नजर आहे. जिला फक्त दुसऱ्याचे पाप दिसते तिला देव दिसलेला नाही, आणि जिला फक्त स्वतःची जखम दिसते तिलाही अजून थोडे पुढे जायचे आहे.

दुसरी जागा हिशेब. जक्कयाच्या घरी येशू पाहुणा म्हणून गेला. त्या घरात येशूने काय शिकवले हे लूक सांगत नाही. जक्कयाने काय केले ते सांगतो. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याचे लुबाडले त्याला चौपट परत. लूकच्या शुभवर्तमानात तारण त्या घरी आल्याची घोषणा या आकड्यांनंतर येते. आपल्याकडे साक्षीत पैसा येतो तो देवाने दिला म्हणून येतो. परत केला म्हणून क्वचितच येतो.

तिसरी जागा स्वयंपाकघर, म्हणजे जिथे जात राहते ती जागा. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ याच कारणाने माझ्या दृष्टीने मराठीतला सर्वांत खरा परिवर्तनग्रंथ आहे. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला. लक्ष्मीबाईंचा १९०० मध्ये. मधली वर्षे दुरावा, संताप, एकटेपणा आणि सोवळ्याओवळ्याच्या झगड्याची. त्यांचे सोवळे सुटले ते कोणाच्या व्याख्यानाने नाही. कोणाच्या हातचे पाणी प्यायचे आणि कोणाचे नाही हा भेद देवाने केलेला नाही, हे त्यांच्या मनाने हळूहळू घेतले आणि मग हाताने ते पाळले. टिळक मोठे कवी, त्यांच्या बाप्तिस्म्याची चर्चा महाराष्ट्रभर झाली. पण परिवर्तन दैनंदिन जीवनात कसे मुरते हे पाहायचे तर लक्ष्मीबाईंकडे पाहावे. टिळकांचेही खरे मोठेपण मला उत्तरायुष्यात दिसते. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभारायचे ठरवले, आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना एकत्र बसता येणार होते.

तिन्ही जागांना वेळ लागतो. शौल, म्हणजेच पुढचा पौल, दर्शनानंतर अरबस्तानात गेला, तीन वर्षांनी यरुशलेमेत आला, पुढे चौदा वर्षांचा उल्लेख तो स्वतः करतो. ‘त्या रात्री मी बदललो’ हे वाक्य आपल्याला आवडते. त्या रात्री वळण लागते; बदल पुढे घडत राहतो. सीनायवरून उतरलेल्या मोशेचे तोंड तेजस्वी झाले होते आणि त्याचे त्यालाच ते ठाऊक नव्हते, असे निर्गम सांगते. आपल्या परिवर्तनाची साक्ष बहुधा आपल्याला नीट देता येणार नाही. ती शेजाऱ्याने, सुनेने, मजुराने द्यायची असते.

५. हरकती

(अ) तुम्ही भावनेला कमी लेखता. नाही. जोनाथन एडवर्ड्‌स या अमेरिकन ईश्वरज्ञानीने १७४६ मध्ये, स्वतः संजीवनाच्या लाटेतून गेल्यानंतर, धार्मिक भावनांची कसोटी लावणारा ग्रंथ लिहिला. त्याचे एक निरीक्षण मला कायम उपयोगी पडते: रडणे, थरथरणे, कोसळणे या गोष्टींवरून अनुभव देवाचा आहे असेही सिद्ध होत नाही आणि नाही असेही होत नाही. शेवटची आणि सर्वांत भरवशाची खूण त्याने आचरणात शोधली. मानसशास्त्राच्या अंगाने विल्यम जेम्सही १९०२ मध्ये याच ठिकाणी आला: अनुभवाचे मोल त्याच्या उगमावरून ठरत नाही, परिणामावरून ठरते. सभेतला अनुभव हा समूहाचा परिणाम असतो असे म्हणणाऱ्यांनाही हेच उत्तर. असेल समूहाचा परिणाम. तो पुढच्या दहा वर्षांत माणसाला कोणाच्या दारात नेतो ते पाहू.

(आ) मग समाजसेवा पुरे, देव कशाला? या भागात १९६० च्या दशकातल्या दुष्काळात चर्चच्या मदतसंस्थांकडून आलेल्या धान्यावर, कामाच्या बदल्यात धान्य या पद्धतीने, बारामती तालुक्यात पाझर तलाव झाले. त्या तलावांचे पाणी प्यायला कोणाला देवदर्शन व्हावे लागले नाही, आणि तलाव खोदणाऱ्या प्रत्येकाला ते झाले असेही नाही. चांगले काम देवाच्या भेटीशिवाय होते, पुष्कळ होते, आणि ते चांगलेच असते. माझा दावा उलट बाजूचा आहे: देवाची भेट तिसऱ्या माणसाशिवाय होत नाही. फरक जाणवतो तो अपयशाच्या वेळी. ज्याने गरिबाला आपला प्रकल्प मानले तो निकाल लागला नाही की निघून जातो. ज्याला गरिबात ख्रिस्त दिसला आहे त्याला निघून जाता येत नाही. मुलीच्या मृत्यूनंतरच्या रमाबाई आठवाव्यात.

(इ) अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीने काय करायचे? ती मध्यस्थीची प्रार्थना करते. नावे घेऊन, एकेका घरासाठी. तिच्या प्रार्थनेत तिसरा माणूस आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त वेळा येतो. तिला वेगळा धडा देण्याची गरज नाही.

(ई) चौथी हरकत सर्वांत जड आहे आणि ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची आहे. ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या स्थितीबद्दल लिहिताना त्यांनी असा रोख धरला की या धर्मांतराने अन्याय दूर करण्याची ऊर्मी त्यांच्यात जागवली नाही. पापाची शिकवण अशी दिली गेली की माणूस आपल्या दुरवस्थेचे कारण समाजरचनेत शोधण्याऐवजी स्वतःत शोधू लागला. ही टीका ख्रिस्ती माणसाला बोचते, आणि ती बोचली पाहिजे. दोन पात्रांच्या साक्षीवर ती तंतोतंत लागू पडते. मी आणि माझा प्रभू एवढेच जग उरले की मुकादम, सावकार, गावकी सगळे चौकटीबाहेर जातात.

पण होरेबच्या झुडपातून बोलणाऱ्या देवावर ती लागू पडत नाही. तो बोलतो तेच मुळी मुकादमांच्या जाचाबद्दल. गुलामांना तो त्यांच्या पापाचा पाढा वाचायला लावत नाही. त्यांची ओरड ऐकतो आणि त्यांच्यासाठी फारोच्या दरबारात माणूस पाठवतो. म्हणून बाबासाहेबांच्या टीकेला उत्तर म्हणून मिशनऱ्यांच्या शाळा-दवाखान्यांची यादी दाखवणे मला अपुरे वाटते. खरे उत्तर हे की ज्या भेटीत पिचलेल्याची ओरड ऐकू येत नाही ती भेट आपल्याच शास्त्राच्या कसोटीला उतरत नाही. इथे एक गोष्ट नोंदवतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा धर्माशी जोडला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. त्यामुळे कागदावर एक नाव आणि मंडळीत दुसरे असे जगणे अनेकांच्या वाट्याला येते. त्या माणसाला ढोंगी म्हणण्याआधी या कायद्याविरुद्ध आपण किती वेळा बोललो हे मंडळीने आठवावे.

६. बांध, कोपी आणि प्रभूचे मेज

विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून बारामती परिसरात काम केलेल्या ऑस्ट्रेलियन चर्चेस ऑफ ख्राईस्टच्या मिशनने एक शिस्त घालून दिली: दर रविवारी प्रभुभोजन. या परंपरेने भावनेच्या उमाळ्याला तारणाचा पुरावा मानायला पहिल्यापासून नकार दिला. विश्वास, पश्चात्ताप, बुडून घेतलेला बाप्तिस्मा आणि आठवड्याला भाकर मोडणे, असा तिचा साधा क्रम. आजच्या तरुणांना ती कोरडी वाटते आणि ते मंडपाकडे वळतात. मला वाटते, या कोरड्या दिसणाऱ्या शिस्तीत मंडपापेक्षा अधिक काही आहे. पौलाने करिंथच्या मंडळीला झापले ते मेजावरच्या वागण्यावरून. आधी येणारे श्रीमंत खाऊन मोकळे होत आणि उशिरा येणारे गरीब उपाशी राहत. प्रभूच्या मेजावर प्रभूचे शरीर न ओळखणे ते हेच, असे त्याने सुनावले. दर रविवारी एका भाकरीतून शेजारचा माणूसही घेतो. तो कोणत्या पूर्वाश्रमीच्या जातीचा आहे, त्याच्या घरी आपण सोयरीक करू का, हे प्रश्न त्या मेजावर बसलेलेच असतात. आपल्यातल्या पुष्कळ घरांत सोयरीक ठरवताना पूर्वीची जात आजही आधी विचारली जाते. मेजावर एक भाकर आणि लग्नाच्या बैठकीत दोन जाती, ही विसंगती कुठलीही संजीवन सभा झाकू शकत नाही.

दुसरी कसोटी बांधाची. १८८५ मध्ये सुरू झालेल्या नीरा डाव्या कालव्याने या भागाचा काही हिस्सा बागायती केला आणि काही जिरायती ठेवला. जिथे पाणी आले तिथे हातभर जमिनीला सोन्याचा भाव आला. बांध कोरणे, पाण्याची पाळी चोरणे, भावकीतल्या विधवेच्या वाट्याची मोजणी वर्षानुवर्षे टाळणे, हे आपल्याकडचे नेहमीचे पाप. याकोबाचे पाप तेच होते. इंदापूर तालुक्यातल्या एखाद्या शेतकऱ्याला देवाने खरोखर गाठले असेल तर पुढच्या नांगरटीत त्याचा फाळ कुठे वळतो हे पाहावे.

हे सगळे पालखीमार्गावर राहणाऱ्या ख्रिस्ती माणसाला परके वाटायचे कारण नाही. तुकोबांची पालखी दरवर्षी बारामतीवरून, काटेवाडी, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर या वाटेने जाते. पंढरपूरला निघालेले वारकरी वाटेत एकमेकांच्या पायांवर डोके ठेवतात. वय, मान, जात न विचारता. टिळकांनी आपण तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आलो असे मोकळेपणाने सांगितले होते. आमच्या श्रद्धेत आणि वारकऱ्यांच्या श्रद्धेत मोठे भेद आहेत आणि ते मी पुसू इच्छित नाही. पण देवाकडे निघालेल्याने वाटेतल्या माणसापुढे वाकायचे असते, हे शिकवायला आमच्या दारावरून दरवर्षी लाखो माणसे जातात.

आता एक ठोस सूचना, आणि इथेच थांबतो. दिवाळीच्या सुमारास कारखान्यांची धुराडी पेटतात आणि ऊसतोड टोळ्या येतात. उचल घेऊन आलेली जोडपी शिवारात पाचटाच्या कोप्या घालून राहतात, त्यांची पोरे शाळेबाहेर राहतात, आणि हंगाम ऐन भरात असताना नाताळ येतो. नाताळच्या तयारीला मंडळीचे पंच बसतात तेव्हा मंडप, ध्वनिक्षेपक, जेवण, बाहेरून येणारे वक्ते यांची यादी होते. या वर्षी त्या बैठकीत चार प्रश्न विषयपत्रिकेवर घ्यावेत. आपल्या हद्दीत किती कोप्या आहेत? त्यांतली किती मुले शाळेत जाऊ शकतील आणि त्यांना रोज कोण नेईल-आणेल? आपल्यातल्या कोणाच्या उसाला टोळी लागली असेल तर तिच्या हिशेबात काय कापले जाते? आणि आपल्यातला कोणी मुकादम असेल तर उचलीचा हिशेब मजुरांना वाचून दाखवायला तो तयार आहे का? उत्तरे पाळकाने एकट्याने द्यायची नाहीत. पंचांनी नावे घेऊन कामे वाटून घ्यावीत आणि मार्च-एप्रिलमध्ये टोळ्या परतण्याआधी काय झाले ते रविवारच्या उपासनेत, साक्षीच्या वेळी सांगावे.